अंगठ्याखालचा सूर

जालन्यात तंतुवाद्यांचा वृंद आहे असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसू द्या. जिथं बियाणांची गोदामं आणि लोखंडाच्या भट्ट्या, तिथं बारा-तेरा माणसं दर रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये व्हायोलिन, त्याहून जरा मोठा व्हायोला आणि जमिनीवर टेकवायचा चेलो काढून बसतात, हे ऐकून हसू येणारच. पण बसतात हे खरं आहे. अप्पाराव मास्तर फौजेच्या बँडमधून निवृत्त होऊन गावी आले, पेन्शनीत गप बसवेना, म्हणून त्यांनी वसतिगृहातली पोरं धरली आणि त्यांच्या हातात गज दिले. त्या पोरांचे आता केस पिकले, कुणाला चष्मे लागले, कुणाला साखर झाली. रविवार मात्र चुकला नाही.

त्यांच्यातला व्हायोलावाला कल्याण वारला, त्याच्या तेराव्यानंतरच्या पहिल्या रविवारीसुद्धा चुकला नाही. सगळे आले. पायताणं दाराबाहेर, चहाची किटली खिडकीत, आणि व्हायोलाच्या जागी दोन खुर्च्या, मध्ये एक स्टँड. एका खुर्चीवर ज्योत्स्ना बसली. दुसरी रिकामी.

"ती काढा रे," मास्तर म्हणाले.

"राहू द्या," ज्योत्स्ना म्हणाली.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं आणि विषय सोडला. व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि नाकानं दम घेतला. त्यांच्यात हातवारे करायला समोर कुणी उभं नसतं. मास्तरांचा दम हाच इशारा. तो ऐकायचा आणि सगळ्यांनी एकदम सुरू व्हायचं.

वाजवायला घेतली ती 'संथ'. मूळ नाव परदेशी आणि लांबलचक, ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून सगळे तिला 'संथ'च म्हणत. पहिलं पान नीट गेलं. व्हायोलाला त्यात चाल अशी नसतेच. व्हायोलिनची चाल वर, चेलोचा आधार खाली, आणि व्हायोला मधे. असला तर कुणाला कळत नाही, नसला तर सगळ्यांना कळतं. आणि पानाच्या तळाला पोचल्यावर ते सगळ्यांना कळलं. मधलं काहीतरी निघून गेलं, भोक पडल्यासारखं झालं आणि चेलोवाला भुजंग वाजवता वाजवता डोकं वर काढून बघायला लागला.

मास्तरांनी गज खाली घेतला. "ज्योत्स्ना, व्हायोला कुठं गेला?"

ज्योत्स्नाचा व्हायोला तिच्या मांडीवर होता. उजवा हात स्टँडवर, आणि पानाचा कोपरा अंगठ्यात धरलेला.

आता हे नीट सांगायला पाहिजे, न्हाईतर तिची चूक कुणाला कळायची नाही. या लोकांत दोघांत एक स्टँड आणि एक कागद असतो. ऐकणाऱ्यांच्या बाजूला बसतो तो बाहेरचा, त्याच्या पलीकडचा तो आतला. पान संपायला आलं की आतल्यानं आपलं वाजवणं सोडायचं, हात पुढं करायचा, कोपरा धरायचा आणि वेळेवर पान उलटायचं. तेवढे सूर बाहेरचा एकटा सांभाळतो. कल्याण बाहेरचा होता, ज्योत्स्ना आतली. वीसेक वर्षं. म्हणजे वीसेक वर्षं पानाच्या तळाचे सूर ज्योत्स्नानं कधी वाजवलेच नव्हते. ते कल्याणचे होते. तिच्या बोटांना ते ठाऊक नव्हते, आणि तिचा हात त्या जागी आला की आपोआप उठायचा. सांगून थांबायचा नाही.

"पुन्हा," मास्तर म्हणाले.

पुन्हा वाजवलं. पुन्हा हात उठला. तिसऱ्यांदाही उठला. कुणी हसलं नाही, हेच तिला जास्त लागलं.

चहाच्या वेळेला मास्तर तिच्याजवळ आले. माणूस कडक, पण दुष्ट नाही. "हे बघ," ते म्हणाले, "पुढच्या रविवारी कार्यक्रम आहे. व्हायोलावाला दुसरा मला मिळणार नाही, जालन्यात तर नाहीच. तुला एकटीला जमलं तर तू. न जमलं तर भुजंगला चेलो खाली ठेवायला लावतो आणि संथमध्ये तुझ्या जागेला त्याच्याकडून पेटी वाजवून घेतो. भोक चालणार नाही. एकसुद्धा."

"हार्मोनियम?" ज्योत्स्ना म्हणाली.

"मलाही आवडत नाही," मास्तर म्हणाले, आणि आजवर कुलपाबाहेर कुणाला न दिलेला संथचा कागद त्यांनी तिला घरी न्यायला दिला.

ज्योत्स्ना अंबडची. कोर्टासमोर तिचं टायपिंगचं दुकान आहे, प्रतिज्ञापत्रं, अर्ज, झेरॉक्स. वर दोन खोल्या. लग्न केलं नाही. आई कांताबाई होती तोवर घरात आवाज होता, ती गेली आणि आवाजही गेला. भाऊ पुण्यात, फोन करतो, "ताई, इकडंच ये की," म्हणतो, आणि ती "बघू" म्हणते. भावाचं म्हणणं खोटं नसतं, पण तिथं जाऊन करायचं काय? सकाळी दुकान, दुपारी दुकान, संध्याकाळी एका माणसाचं पिठलं. असे सहा दिवस ढकलले की रविवार यायचा. तिच्या आयुष्यात माणसं होती ती त्या हॉलमध्ये, आणि तिथली तिची जागा म्हणजे ती एक खुर्ची. ती गेली तर आठवड्याला सातही दिवस सारखेच.

आणि कल्याण. कल्याण कुंभार पिंपळगाव या गावचा, मोसंबीची बाग असलेला. पिंपळगावची बस अंबडला यायची, खिडकीतून त्याचं डोकं दिसायचं आणि शेजारच्या सीटवर त्याचा रुमाल. गर्दी असो नसो, रुमाल असायचाच. ती चढली की तो रुमाल उचलून खिशात ठेवायचा आणि दोघं आपापली वाद्यं मांडीवर घेऊन जालन्यापर्यंत बसायचे. बोलायचे काय, तर पाणी आलं का, मोसंबीला बार कसा धरलाय, मास्तरांचा गुडघा कसा आहे. बस्स. तो शेतकऱ्याघरचा, तिच्या आजोबांनी छप्पन्नला दीक्षा घेतलेली. पिंपळगावात त्याच्या घरी ती कधी गेली नाही, आणि "ये" असं तो कधी म्हणाला नाही. का ते दोघांनाही ठाऊक होतं. त्याला बायको होती, आणि या दोघांत वावगं काही नव्हतं. प्रेम होतं का? होतं. पण ते पान उलटण्यापुरतंच होतं, आणि तेवढ्यावर तिचं भागत होतं.

उन्हाळ्यात बागेला पाणी देता देता तो बसला आणि उठलाच नाही. तिला कळलं ते वृंदाच्या व्हॉट्सअॅप गटावर, फुलाच्या चित्रासकट. तेराव्याला ती पिंपळगावला गेली. मांडवात बायकांच्या मागं बसली. शेजारच्या बाईनं विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?" आता काय सांगायचं? मावशी, आत्या, नणंद, भावजय, सगळ्याला शब्द आहे. एका स्टँडवर शेजारी बसणारीला शब्द नाही. "ओळखीची," ती म्हणाली, पंगतीला न बसताच उठली आणि मिळाली ती बस धरून अंबडला आली.

तर सोमवारी दुकान बंद करून ती वर गेली, कागद लावला आणि वाजवायला बसली. खुर्ची मात्र आतलीच धरली. म्हणजे काय, तर उजव्या हाताला एक रिकामी खुर्ची ठेवली आणि स्टँड दोघांच्या मधे. येडेपणा आहे, तिलाही कळत होतं. पान तळाला आलं की हात उठायचा, आणि मधली जागा सुनी जायची. खाली एवढं मोठं झेरॉक्सचं मशीन. दोन्ही पानं काढून शेजारी चिकटवली असती तर उलटायची गरजच नव्हती. दहा मिनिटांचं काम. तिनं ते केलं नाही. हात नव्हे, आपणच नाही म्हणतो आहोत हे तिला दुसऱ्या दिवशी उमगलं. ते सूर कल्याणचे होते. आपण ते वाजवले म्हणजे कल्याण पुरता गेला. न वाजवले तर खुर्ची गेली. इकडं आड, तिकडं विहीर.

बुधवारी दुपारी एक बाई दुकानात आली. हातात पिशवी, डोक्यावर पदर, कपाळ मोकळं. वारसाचं प्रतिज्ञापत्र करायचं होतं. अशा बाया रोजच येतात. ज्योत्स्नानं नेहमीसारखं विचारलं, "मयताचं पूर्ण नाव?"

"कल्याण धर्मराज," बाई म्हणाली, आणि आडनाव सांगितलं.

ज्योत्स्नाच्या बोटांनी 'मयत' टाइप केलं आणि पुढं जाईनात. तेराव्याला लांबून पाहिलेला चेहरा तिला आता ओळखू आला. ही शालू. कल्याणची बायको. शालूचं मात्र तिच्याकडं लक्ष नव्हतं, ती कपाटावरच्या व्हायोलाच्या काळ्या पेटीकडं बघत होती.

"असली पेटी आमच्याकडं बी आहे," शालू म्हणाली. मग पेटीकडून ज्योत्स्नाकडं पाहिलं. "तुम्ही त्या पान उलटणाऱ्या का?"

इतक्या वर्षांत तिला अशी ओळख कुणी दिली नव्हती, आणि खोटं कशाला बोला, इतकी बरोबर ओळख दुसरी नव्हतीच.

"हो," ती म्हणाली. "मीच. बसा वहिनी."

शालू बसली. पाणी दिलं ते प्यायली. मग पिशवी मांडीवर घट्ट धरून बोलायला लागली, कितीतरी दिवस कुणाला सांगायचं राहून गेल्यासारखी.

"घरी वाजवायचे ना ते. गोठ्याच्या बाजूला खोली आहे, तिथं बसून. समोर कागद न्हाई, काई न्हाई. मास्तर कागद घरी नेऊ द्यायचेच न्हाईत म्हने. सगळं तोंडपाठ. वाजवत वाजवत यायचे आन् एका जागी आसं वर चढून गप. मला वाटायचं, झालं. ताट वाढायला घ्यावं तर परत सुरू. एकदा म्हनलं, हे मधीच कामून थांबता हो? तर म्हनले, पान उलटून राह्यली ती."

ज्योत्स्नानं कीबोर्ड बाजूला सारला.

"म्हनलं, कागदच न्हाई तर पान कसलं? हसले नुस्ते." शालूनं पदर सारखा केला. "मला राग यायचा, ताई. तुमच्या तोंडावर सांगते. माझ्या घरात ही कोन बाई, दिसत न्हाई, बोलत न्हाई, आन् रोज येऊन पान उलटून जाती? एकदा म्हनलं, मी उलटते की, मला सांगा कुठं उलटायचं. तर म्हनले, तुला न्हाई जमायचं. येवढं वाईट वाटलं म्हनून सांगू."

"ते चुकीचं बोलले," ज्योत्स्ना म्हणाली. "कुणालाही जमतं."

"चुकीचं कसलं? मला काय येतं त्यातलं? पर तेवढी एक जागा मला पाठ झाल्ती." आणि शालूनं, टायपिंगच्या दुकानात, बाहेर वकिलांची ये-जा चालू असताना, तोंडातल्या तोंडात ती जागा गुणगुणून दाखवली. सूर खालून यायचा, दोन पायऱ्या चढायचा आणि शेवटी एक जास्तीची चढून तिथंच थांबायचा. एखाद्यानं काही विचारावं आणि उत्तराची वाट बघावी, तसा.

ज्योत्स्नाला रडू आलं. हीच जागा. पान धरून बसलेली असताना तिच्या कानाशी दर रविवारी वाजणारी. अंगावर काटा यायचा त्या शेवटच्या सुराला. ती रडली, मग शालूही रडली, आणि दारात झेरॉक्स काढायला आलेला एक वकील कागद घेऊन आल्या पावली परत गेला.

"रविवारी कार्यक्रम आहे," डोळे पुसून ज्योत्स्ना म्हणाली. "मला बाहेरच्या खुर्चीवर बसायचं आहे. त्यांच्या. पान उलटायला कुणी नाही. तुम्ही येता का?"

"मी?" शालू म्हणाली. "वर्स व्हायचं राह्यलंय अजून. सासूबाई घराबाहेर पडू देत न्हाईत, लोक काय म्हनतील? आन् मला वाचता येत न्हाई ते."

"वाचायचं नाही. मी मान खाली घालून वर केली की उलटायचं."

शालू बराच वेळ पिशवीच्या बंदाशी खेळत राहिली. "डोळे दाखवायला जालन्याला जाते म्हनते," ती शेवटी म्हणाली. "शुक्रवारी कागद न्यायला येते, तवा शिकवा."

त्या संध्याकाळी ज्योत्स्नानं पहिल्यांदा बाहेरची खुर्ची धरली आणि ती शेवटची ओळ नीट वाचायला बसली. कानाला पाठ होतीच, बोटांना शिकवायची होती. एकेक सूर करत ती कोपऱ्याशी आली. कोपऱ्यावर काळा डाग होता, गजाला लावायच्या राळेचा आणि घामाचा. तिच्याच अंगठ्याचा. इतक्या वर्षांचा जमलेला. शेवटचा सूर त्या डागाच्या काठावर, आणि त्याच्या अलीकडं डागात काहीतरी बुडालेलं. तिनं कागद दिव्यासमोर धरला.

डागाखाली कोमलाची खूण होती.

तिला वाटलं आपलं काहीतरी चुकतंय. पुन्हा धरला. खूण तिथंच. कागदावर तो सूर कोमल होता, म्हणजे अर्धी पायरी खाली, आणि कल्याण तो शुद्ध वाजवायचा. वीसेक वर्षं. खूण त्याला दिसलीच नव्हती, कारण तिथं आधी तिचा अंगठा असायचा आणि मग अंगठ्याचा डाग. मास्तरांना कळलं नाही, कारण मधल्या व्हायोलाचा एक निसटता सूर कोण ऐकतो? आणि तिला कळलं नाही, कारण ती कधी ती ओळ बघतच नव्हती, तिचे डोळे पुढच्या पानावर. जिथं तिच्या अंगावर काटा यायचा ती जागा म्हणजे चूक होती, आणि चूकही तिच्यामुळं झालेली. आधी ती हसली. एकटीच खो खो हसली. मग इतकं एकटं वाटलं की तिनं खाली जाऊन उगाच दुकानाचा दिवा लावला आणि मशीनशेजारी बसून राहिली. हे सांगायचं कुणाला? ज्याला सांगून मजा आली असती तो नाही.

शुक्रवारी शालू आली. शटर अर्धं खाली ओढून ज्योत्स्नानं वाजवून दाखवलं, आणि कागदावर होतं तसं वाजवलं. कोमल. तिचं ठरलं होतं. मास्तरांना जसं पाहिजे तसं वाजवायचं, भोक पाडायचं नाही आणि खुर्ची राखायची. मान खाली, मान वर. शालूनं पान उलटलं. पहिल्यांदा कोपरा बोटांतून निसटला, दुसऱ्यांदा उशीर झाला, तिसऱ्यांदा झकास जमलं.

"न्हाई जमायचं म्हने," शालू म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. मग जरा थांबून म्हणाली, "पर तुमचं शेवटाला वेगळं वाटून राह्यलं. त्येंचं आसं न्हव्हतं."

"कागदावर असंच आहे," ज्योत्स्नाच्या तोंडून निघून गेलं.

शालू उठली. प्रतिज्ञापत्र घडी घालून पिशवीत ठेवलं आणि गेली.

रविवारी हॉल बऱ्यापैकी भरला होता. बियाणांचे दुकानदार, वादकांची पोरंबाळं, निवृत्त मास्तर लोक. आधी सत्कार झाला, शाल, नारळ, माइकची शिट्टी. मागून कुणीतरी सिनेमाचं गाणं वाजवा म्हणून ओरडलं, त्याला बायकोनं खाली बसवलं. मास्तरांनी व्हायोलाकडं पाहिलं. बाहेरच्या खुर्चीवर ज्योत्स्ना, आतल्या खुर्चीवर डोईवर पदर घेतलेली एक अनोळखी बाई, हात मांडीवर जोडून. त्यांच्या भुवया वर गेल्या. नाकानं दम घेतला.

संथ सुरू झाली. ज्योत्स्नाला आपली बाजू बदलल्याचं चमत्कारिक वाटत होतं. लोक इतके जवळ दिसतात हे तिला माहीतच नव्हतं. कल्याणला हे दर कार्यक्रमात दिसत असणार, आणि तो त्याबद्दल कधी बोलला नव्हता. एकेक ओळ खाली सरत होती. शेवटची ओळ आली. तिचा हात उठला नाही. बोटं नीट पडत होती, खालून वर, एक पायरी, दुसरी पायरी. शेजारी शालूनं अंगठ्यात कोपरा धरला, बरोबर त्या डागावर. ज्योत्स्नानं मान खाली घातली, वर केली, आणि शेवटच्या सुरावर आली.

कोमल वाजवायचं ठरलं होतं. बोट तिथं पोचलंही होतं. पण इतकी वर्षं कानात जे बसलं होतं ते कागदानं कसं जाणार? बोट सरकलं आणि तो सूर चढाच लागला. कल्याणचा. तसाच, विचारून थांबलेला.

शालूचा हात कोपऱ्यावरच राहिला. ती ज्योत्स्नाकडं बघत होती. गोठ्याशेजारच्या खोलीतला सूर भर हॉलमध्ये ऐकल्यावर तिला पानाचं भानच उरलं नाही.

ज्योत्स्नाला पुढची ओळ पाठ होती. वीस वर्षं पान उलटताना सगळ्यात आधी तिनं तीच तर पाहिली होती. कागदाची तिला गरज नव्हती. वाजवत गेली असती तर कुणाला पत्ता लागला नसता, आणि खुर्ची राहिली असती. तिला हे सगळं त्या क्षणी कळत होतं. पण उजवा हात निघाला, गजासकट, आणि तिनं तो अडवला नाही. शालूच्या बोटांवरून तिनं कोपरा धरला आणि पान उलटलं. तेवढा वेळ व्हायोला गप होता. भोक पडलं. भुजंगनं डोकं वर काढलं. मग ती पुढच्या पानावर वाजवायला लागली, आणि शेवटपर्यंत एक सूर चुकली नाही.

टाळ्या वाजल्या. लोकांना काही कळलं नव्हतं, ते लगेच चहाकडं वळले.

मास्तर वाद्य पुसत तिच्यापाशी आले. "भोक पडलं," ते म्हणाले.

"हो मास्तर."

"ठरलं होतं."

"हो."

मास्तरांनी पुसायचं फडकं खिशात कोंबलं. "येत जा," ते म्हणाले. "दुसऱ्या व्हायोलिनच्या मागं बस. ऐकायला." आणि त्यांनी तिच्या हातून कागद घेतला, पेटीत ठेवला आणि कुलूप लावलं. ज्योत्स्ना भांडली नाही. व्हायोलाच्या दोन्ही खुर्च्या तिनंच दुमडून भिंतीला लावल्या.

बस स्टँडवर पिंपळगावची बस लागली होती आणि नेहमीसारखी झुंबड. शालू पुढं घुसली, ज्योत्स्ना पेटी सांभाळत मागं राहिली. ती चढली तेव्हा शालू खिडकीशी बसलेली होती आणि शेजारच्या सीटवर रुमाल होता. निळ्या काठाचा. ज्योत्स्नानं तो ओळखला. शालूनं तो उचलला, खिशात ठेवायला तिला खिसा नव्हता, म्हणून मुठीत धरला.

शहर मागं पडलं.

"माझ्यामुळं गेली का हो तुमची जागा?" शालूनं विचारलं.

"नाही."

"मंग कशानं?"

"सवयीनं," ज्योत्स्ना म्हणाली.

शालूनं मान हलवली. बाहेर कापूस, मोसंबीच्या बागा, एक बंद पडलेला पेट्रोल पंप. अंबडचे दिवे दिसायला लागले तसं ती परत वळली. हे विचारायचं तिनं शुक्रवारपासून ठेवलं होतं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

"ताई, एक खरं सांगा. परवा दुकानात वाजवलं ते एक, आन् आज वाजवलं ते एक. त्यातलं बराबर कोनतं? म्हनजे, येवढी वर्सं ते वाजवत राह्यले, ते चुकत होते का?"

ज्योत्स्नानं आपल्या अंगठ्याकडं पाहिलं. राळ अजून लागलेलीच होती.

"आजचं बराबर," ती म्हणाली. "बिलकुल बराबर. परवा चूक झाली ती माझी."

"मला वाटलंच," शालू म्हणाली. "त्यांचं न्हाई चुकायचं." तिचा चेहरा इतका मोकळा झाला की ज्योत्स्नाला खिडकीकडं बघावं लागलं.

कंडक्टरनं अंबड पुकारलं. ज्योत्स्ना पेटी घेऊन उठली. "या की कधी पिंपळगावला," शालू म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्याही लक्षात आलं आणि तिनं मान खाली घातली. "येईन," ज्योत्स्ना म्हणाली, आणि उतरली. बस हलली. खिडकीतून शालूचं डोकं दिसत होतं, आणि शेजारच्या रिकाम्या सीटवर तिनं परत रुमाल टाकला होता.

ज्योत्स्ना कोर्टासमोरून चालत घरी आली. वर तिच्या खोलीत दोन खुर्च्या तशाच मांडलेल्या होत्या, मधे स्टँड, स्टँडवर काही नाही. तिनं व्हायोला काढला, बाहेरच्या खुर्चीवर बसली आणि संथ वाजवायला लागली, तोंडपाठ. शेवटचा सूर चढा लावला. मग पान उलटेपर्यंत थांबली.